महा (अरबी शब्द)

हा लेख 'वाळवंटी कुरंग' या अर्थाच्या अरबी शब्दाविषयी आहे. 'मोठा', 'थोर' या अर्थाच्या संस्कृत व मराठी शब्दाशी त्याचा संबंध नाही.

महा (एकवचन: महात) हा अरबी भाषेतील एक प्राचीन शब्द असून तो प्रामुख्याने अरबस्तानाच्या वाळवंटात राहणाऱ्या पांढऱ्या, लांब व सरळ शिंगांच्या कुरंगासाठी वापरला जातो. या प्राण्याला इंग्रजीत व आता मराठी वृत्तपत्रांतही 'अरेबियन ओरिक्स' म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव 'ओरिक्स ल्युकोरिक्स' आहे. अभिजात अरबी भाषेत याच शब्दाचे 'स्फटिक' व 'सूर्य' असेही अर्थ आढळतात. काव्यात सुंदर स्त्रीचे डोळे आणि तिची गौर कांती या दोन्हींसाठी तो उपमान म्हणून आला आहे. आजच्या अरब जगात 'महा' हे मुलींचे प्रचलित नाव आहे, तसेच आखाती देशांतील अनेक संस्था, सेवा व स्थळे यांच्या नावांतही ते दिसते.

ज्या प्राण्याचे हे नाव, तो १९७२ मध्ये निसर्गातून नामशेष झाला आणि १९८२ मध्ये प्राणिसंग्रहालयांत वाढवलेल्या कळपातून पुन्हा वाळवंटात सोडण्यात आला. मधल्या काळात मोकळ्या वाळवंटात महा उरला नव्हता. परंतु शब्द काव्यात, कोशांत आणि व्यक्तिनामांत टिकून होता.

## उच्चार व व्याकरण

मूळ अरबी उच्चारात पहिले अक्षर ऱ्हस्व 'म' व दुसरे दीर्घ 'हा' असे आहे. अरबीत 'ह'सारखे ऐकू येणारे दोन वेगळे वर्ण आहेत. त्यांपैकी या शब्दातील वर्ण मराठी 'ह'च्या जवळचा, मृदू आहे. त्यामुळे देवनागरीतील 'महा' हे लेखन मूळ उच्चाराला बरेच अचूक ठरते.

व्याकरणदृष्ट्या 'महा' हे समूहवाचक नाम आहे. अरबीत प्राणी, वनस्पती इत्यादींच्या अनेक नावांत मूळ रूप जातीचा किंवा समूहाचा बोध करून देते आणि त्याला स्त्रीलिंगी प्रत्यय लावला की त्या समूहातील एक घटक दर्शवला जातो. 'शजर' म्हणजे झाडे आणि 'शजरा' म्हणजे एक झाड, त्याचप्रमाणे 'महा' म्हणजे या जातीचे प्राणी आणि 'महात' म्हणजे त्यांतील एक. एकवचनाच्या अखेरचा 'त' पुढे शब्द जोडून आला असता उच्चारला जातो. वाक्याच्या शेवटी तो जवळजवळ लुप्त होतो. म्हणून देवनागरीत हे रूप 'महात' व 'महाह' अशा दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळू शकते. कोशांत 'महवात' हे अनेकवचनही नोंदलेले आहे.

'अल' हे अरबीतील निश्चितार्थक उपपद लागून 'अल-महा' असे रूप होते. 'म' हा वर्ण अरबी व्याकरणातील तथाकथित 'चांद्र' वर्णांपैकी असल्यामुळे येथे उपपदातील 'ल' कायम राहतो. याउलट 'रीम' या शब्दापूर्वी तो 'र'मध्ये मिसळतो व उच्चार 'अर-रीम' असा होतो.

## अर्थ

### स्फटिक, सूर्य आणि प्राणी

अभिजात अरबी कोशांत 'महात' या शब्दाखाली तीन मुख्य अर्थ दिले जातात.

* वन्य गाय, म्हणजे पांढरा वाळवंटी कुरंग. हा सर्वाधिक प्रचलित अर्थ आहे.
* स्फटिक, विशेषतः पारदर्शक व तेजस्वी दगड.
* सूर्य. हा अर्थ जुन्या काव्यापुरता मर्यादित आहे.

तिन्ही अर्थांना जोडणारा समान धागा शुभ्रता व तेज हा आहे. इब्न मंझूर या कोशकाराने तेराव्या शतकात पूर्ण केलेल्या 'लिसान अल-अरब' या बृहत्कोशात प्राण्याच्या नावाचे स्पष्टीकरण याच दिशेने दिले आहे. त्यानुसार प्राण्याचा पांढरा रंग स्फटिकासारखा किंवा मोत्यासारखा दिसतो, म्हणून त्याला हे नाव मिळाले. म्हणजे कोशकारांच्या मते स्फटिकाचे नाव आधीचे आणि प्राण्याचे नाव उपमेने आलेले आहे.

याच कोशात काव्य वाचणाऱ्यासाठी एक उपयुक्त भेदही नोंदवलेला आहे. कवीने स्त्रीच्या गोऱ्या वर्णाला 'महात' म्हटले असेल, तर स्फटिक किंवा मोती हा अर्थ घ्यावा. तिच्या डोळ्यांना उद्देशून म्हटले असेल, तर प्राणी हा अर्थ घ्यावा. एकच शब्द एकाच स्त्रीच्या वर्णनात दोन वेगळ्या वस्तूंकडे निर्देश करू शकतो, ही गोष्ट भाषांतरकाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

### 'वन्य गाय' ही संज्ञा

जुन्या अरबी ग्रंथांत महाचा अर्थ 'बकर अल-वह्श' असा दिलेला असतो. त्याचा शब्दशः अर्थ 'रानातली गुरे' किंवा 'वन्य गाय' असा होतो. यावरून रानगवा किंवा पाळीव गाईचा रानटी पूर्वज असा समज होण्याची शक्यता असते. पण अरबस्तानाच्या संदर्भात या संज्ञेने पांढरा कुरंगच अभिप्रेत असतो. नराला 'सौर' (बैल) म्हणण्याची प्रथाही त्याच धर्तीची आहे.

कुरंगाला गाय म्हणण्याची रीत भारतीय वाचकाला अपरिचित नाही. महाराष्ट्रात 'रोही' या नावाने ओळखला जाणारा प्राणी हिंदीत आणि मराठीतही 'नीलगाय' म्हणून ओळखला जातो. प्राणिशास्त्रानुसार नीलगाय हासुद्धा कुरंगच आहे, गाय नव्हे. मात्र गाय, म्हैस, शेळी आणि कुरंग हे सर्व एकाच गोकुलातील (बोव्हिडी) प्राणी असल्याने या नावांमागील निरीक्षण अगदीच निराधार म्हणता येत नाही.

## निर्दिष्ट प्राणी

अरबी महा हा ओरिक्स प्रजातीतील आकाराने सर्वांत लहान प्राणी आहे. खांद्याजवळ त्याची उंची सुमारे एक मीटर असते आणि वजन साधारणतः ७० किलोग्रॅमच्या आसपास भरते. अंगावरील केस जवळजवळ पांढरे, पाय गडद तपकिरी आणि चेहऱ्यावर काळे पट्टे असतात. पांढऱ्या चेहऱ्यावरील या काळ्या पट्ट्यांमुळे त्याचे डोळे अधिक मोठे व गडद भासतात. वासरू जन्मतः तपकिरी असते.

नर व मादी या दोघांनाही शिंगे असतात. ती सडपातळ, वलयांकित व जवळजवळ सरळ असून ६० ते ७० सेंटिमीटरपर्यंत लांब होतात. हे वैशिष्ट्य जुन्या काव्यातील प्राणी ओळखण्यास साहाय्यकारी ठरते. महा वनस्पती व दवातून मिळणाऱ्या ओलाव्यावर दीर्घकाळ, पाणी न पिता जगू शकतो आणि पाऊस पडलेल्या भागाकडे लांबवर स्थलांतर करतो.

मराठीत 'हरीण' हा शब्द दोन वेगळ्या गटांसाठी सैलपणे वापरला जातो. चितळ व सांबर यांची शिंगे भरीव, फांद्या फुटलेली असून ती दरवर्षी गळतात. अशा प्राण्यांना 'सारंग' म्हणतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा व नीलगाय यांची शिंगे पोकळ व कायमची असतात. अशा प्राण्यांना 'कुरंग' म्हणतात. महा हा कुरंग आहे.

## जवळचे अरबी शब्द

वाळवंटातील कुरंगांसाठी अरबीत अनेक शब्द आहेत. भाषांतरात ते सर्व 'हरीण' या एकाच शब्दात मिसळतात. त्यांतील प्रमुख शब्द पुढीलप्रमाणे आहेत.

* वुदैही: अरबस्तानाच्या मध्यवर्ती भागातील बोलीत महासाठी वापरला जाणारा शब्द. 'स्पष्ट असणे', 'उजळ असणे' या अर्थाच्या धातूपासून तो आला आहे. येथेही नामकरणाचा आधार शुभ्रता हाच आहे.
* ईन: शब्दशः 'विशाल नेत्रांच्या'. काव्यात हा शब्द महांसाठी विशेषणाऐवजी नाम म्हणूनच वापरला जातो. कुराणातील स्वर्गीय स्त्रियांच्या वर्णनात येणाऱ्या 'हूर ईन' या शब्दयोजनेतही हेच विशेषण आहे.
* जुअझर: महाचे वासरू. सुंदर डोळ्यांसाठी याचाही उपमान म्हणून उपयोग होतो.
* फर्कद: महाचे वासरू, या अर्थाचा आणखी एक शब्द. अरब खगोलविदांनी ध्रुवमत्स्य तारकासमूहातील ध्रुवाभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांना 'फर्कदान', म्हणजे 'दोन वासरे', असे नाव दिले. त्यांपैकी एका ताऱ्याचे आंतरराष्ट्रीय नाव आजही 'फर्कद' असेच आहे.
* झबी: लहान, चपळ कुरंगांसाठी, म्हणजे चिंकाऱ्याच्या जवळच्या जातींसाठी, वापरला जाणारा सर्वसाधारण शब्द. संयुक्त अरब अमिरातीची राजधानी अबु धाबी हिच्या नावाचा उत्तरार्ध हाच शब्द आहे.
* गझाल: मूळ अर्थाने अशा लहान कुरंगाचे पाडस; पुढे त्या संपूर्ण गटासाठी रूढ झालेला शब्द. युरोपीय भाषांतील 'गझेल' हा शब्द यातून आला.
* रीम: अभिजात काव्यात शुभ्र वर्णाचा लहान कुरंग, आज वाळूच्या प्रदेशात राहणाऱ्या एका विशिष्ट जातीचे नाव.
* रशा: नुकतेच चालू लागलेले पाडस.

यांतील झबी, गझाल, रीम व रशा हे शब्द एका गटातील, तर महा, वुदैही, ईन, जुअझर व फर्कद हे दुसऱ्या गटातील प्राण्यांशी संबंधित आहेत. पहिल्या गटातील प्राणी लहान व नाजूक बांध्याचे असतात. दुसऱ्या गटातील प्राणी आकाराने मोठा, शिंगांनी प्रतिकार करणारा असतो. काव्यातील प्रतिमांमध्येही हा फरक पाळलेला दिसतो.

### 'रीम' आणि एकशिंगी प्राणी

अरबी 'रीम'शी हिब्रू 'रेएम' आणि अक्कादी 'रीमू' हे शब्द सजातीय आहेत. अक्कादीत त्याचा अर्थ रानबैल असा होता. हिब्रू बायबलातील 'रेएम' या शब्दाचे प्राचीन ग्रीक भाषांतरात 'एकशिंगी' असे रूपांतर झाले आणि त्याच परंपरेतून १६११ च्या इंग्रजी भाषांतरात 'युनिकॉर्न' हा शब्द आला. आधुनिक हिब्रूत 'रेएम' हे नाव ओरिक्सला दिले जाते. ॲरिस्टॉटलनेही आपल्या प्राणिविषयक ग्रंथात ओरिक्स हा एकशिंगी प्राणी असल्याचे म्हटले आहे. बाजूने पाहिले असता महाची दोन सरळ शिंगे एकमेकांआड जाऊन एकच दिसतात; एकशिंगी प्राण्याच्या कल्पनेचे हे एक संभाव्य कारण मानले जाते. 'ओरिक्स' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ कुदळीसारखे टोकदार हत्यार असा असून प्राण्याला ते नाव शिंगांवरून मिळाले. अशा रीतीने एकाच प्राण्याच्या अरबी नावात त्याचा रंग आणि ग्रीक नावात त्याची शिंगे नोंदली गेली.

## अरबी काव्यातील वापर

### इस्लामपूर्व काव्य

सहाव्या व सातव्या शतकांतील अरबी 'कसीदा' या दीर्घ काव्यप्रकारात महा तीन ठिकाणी येतो. आरंभीच्या भागात कवी प्रेयसीच्या टोळीने सोडून दिलेल्या मुक्कामाजवळ थांबतो. तेथे आता माणसांऐवजी महा व रीम आपल्या पाडसांसह वावरत असतात. झुहैर या कवीच्या प्रसिद्ध 'मुअल्लका'मध्ये असे वर्णन आहे. येथे प्राणी हे मानवी वस्ती उठून गेल्याचे चिन्ह असतात. दुसरे स्थान प्रेयसीच्या वर्णनाचे असते. तिसरे स्थान प्रवासाच्या भागात येते. तेथे कवी आपल्या सांडणीच्या वेगाची व चिवटपणाची तुलना महाशी करतो आणि ती तुलना विस्तारत जाऊन स्वतंत्र कथेचे रूप घेते.

लबीद या कवीच्या 'मुअल्लका'तील अशी कथा विशेष प्रसिद्ध आहे. तीत एका महा मादीचे वासरू हिंस्र श्वापदांनी मारलेले असते. ती त्याच्या शोधात दिवसरात्र भटकते, पावसाची रात्र आडोशाला काढते आणि पहाटे शिकाऱ्यांची चाहूल लागून पळू लागते. शिकारी कुत्रे जवळ येताच ती वळते व शिंगांनी त्यांचा सामना करून त्यांना ठार करते. ही मादी शिंगे असलेली आणि त्यांनी कुत्रे मारण्याइतकी बलवान आहे. त्यामुळे येथे 'हरिणी' असे भाषांतर केल्यास प्रसंगच अशक्य वाटू लागतो. महा हा प्राणी डोळ्यांसमोर असल्याशिवाय ही कथा उलगडत नाही.

नाबिगा या कवीच्या एका कसीद्यात असाच प्रसंग नराबाबत आला आहे. नवव्या शतकातील लेखक अल-जाहिझ याने 'किताब अल-हयवान' या ग्रंथात या प्रसंगांविषयी एक संकेत नोंदवला आहे. कविता शोकगीत किंवा उपदेशपर असेल, तर कुत्रे महाला मारतात; कविता स्तुतिपर असेल, तर महा कुत्र्यांना मारून निसटतो. म्हणजे प्राण्याचे भवितव्य वाळवंटातील वास्तवावर नव्हे, तर कवितेच्या प्रकारावर ठरत असे.

### अब्बासी काळ

बगदाद हे साम्राज्याचे केंद्र झाल्यावर अरबी काव्य वाळवंटातून शहरात आले. नव्या वाचकांपैकी अनेकांनी महा प्रत्यक्ष पाहिलाही नसेल, तरी प्रतिमा टिकली आणि अधिक संकेतबद्ध झाली. नवव्या शतकातील कवी अली इब्न अल-जह्म याने टायग्रिस नदीवरील पूल व रुसाफा हा शहरविभाग यांच्या दरम्यान दिसणाऱ्या स्त्रियांच्या नजरेचे वर्णन महाच्या डोळ्यांच्या प्रतिमेने केले. त्याच्या त्या कसीद्याची सुरुवात अरब जगात आजही सर्वपरिचित आहे.

या कवितेशी एक आख्यायिका जोडली जाते. तिच्यानुसार कवी मूळचा रांगडा वाळवंटवासी होता. त्याने खलिफा अल-मुतवक्किल याची स्तुती करताना निष्ठेसाठी कुत्र्याची व धैर्यासाठी बोकडाची उपमा दिली. खलिफाने न रागावता त्याला नदीकाठच्या सुंदर घरात ठेवले आणि काही काळाने त्याच्या वाणीतून ही नाजूक कविता बाहेर पडली. अभ्यासक ही कथा ऐतिहासिक मानत नाहीत, कारण अली इब्न अल-जह्म हा बगदादमध्येच वाढलेला होता. शिवाय कथेतील तर्कही उलटा पडतो. महाचे डोळे ही उपमा शहराची देणगी नसून वाळवंटातील जुन्या काव्याचा वारसा होती.

### भारतीय परंपरेतील समांतर प्रतिमा

संस्कृत व मराठी काव्यातील 'मृगनयनी', 'मृगाक्षी', 'हरिणाक्षी', 'कुरंगनयना' ही विशेषणे याच स्वरूपाची आहेत. दोन्ही परंपरांत स्त्रीच्या डोळ्यांसाठी कुरंगाचे डोळे निवडले गेले. मात्र त्यातील प्राणी वेगळे आहेत. भारतीय प्रतिमेमागे काळवीट, चिंकारा यांसारखे भारतीय प्राणी आहेत. शिवाय 'मृग' या शब्दाला 'महात' या शब्दाप्रमाणे स्फटिकाचा अर्थ नाही, त्यामुळे गौरवर्णाची छटा संस्कृत विशेषणांत येत नाही.

## प्राण्याचा लोप व पुनरागमन

एकेकाळी महा अरबस्तानाच्या बहुतांश वाळवंटी प्रदेशात आढळत असे. बंदुका आणि त्यानंतर मोटारी आल्यावर त्याची शिकार सोपी झाली व विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो दक्षिणेकडील दुर्गम भागांपुरता उरला. १९६२ मध्ये ब्रिटनमधील 'फॉना प्रिझर्व्हेशन सोसायटी'ने 'ऑपरेशन ओरिक्स' ही मोहीम हाती घेतली. तीत पकडलेल्या प्राण्यांपैकी तीन जगले. त्यांच्या जोडीला लंडन प्राणिसंग्रहालय, कुवेत व सौदी अरेबिया येथून प्राणी मिळवून अमेरिकेतील फिनिक्स येथे नऊ प्राण्यांचा 'जागतिक कळप' उभा करण्यात आला.

ओमानमधील जिद्दत अल-हरासीस या पठारावर १९७२ मध्ये शेवटचे वन्य महा मारले गेले. १९८२ मध्ये त्याच पठारावरील यालूनी येथे बंदिवासात वाढवलेले महा मोकळे सोडण्यात आले आणि त्यांच्या देखरेखीचे काम स्थानिक हरासीस जमातीतील लोकांकडे सोपवण्यात आले. पुढे सौदी अरेबिया, इस्राएल, संयुक्त अरब अमिराती व जॉर्डन येथेही पुनर्वसनाचे प्रयत्न झाले. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीची नोंद 'असुरक्षित' या वर्गात केली. निसर्गातून पूर्णतः नष्ट झाल्यानंतर या वर्गापर्यंत परतलेली ही पहिली जात होय.

हे यश अबाधित राहिले नाही. ओमानमधील महा अभयारण्याला १९९४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले होते. १९९६ मध्ये तेथे ४५० महा होते. चोरटी शिकार व अधिवासाचा ऱ्हास यांमुळे ही संख्या ६५ पर्यंत घसरली. ओमान सरकारने अभयारण्याचे क्षेत्र ९० टक्क्यांनी कमी केल्यानंतर २००७ मध्ये युनेस्कोने ते यादीतून वगळले. या यादीतून वगळले गेलेले ते पहिले स्थळ ठरले.

## आधुनिक वापर

### प्राणिशास्त्रीय संज्ञा

आधुनिक अरबीत 'महा' हा शब्द संपूर्ण ओरिक्स प्रजातीसाठी पारिभाषिक नाव म्हणून स्थिरावला आहे. अरबस्तानातील जातीला 'अल-महा अल-अरबी' म्हणतात. उत्तर आफ्रिकेतील, मागे वळलेल्या लांब शिंगांच्या जातीला 'महा अबु हिराब', म्हणजे 'भाल्यांचा धनी महा', असे नाव आहे. या जातीचाही निसर्गातून लोप झाला होता. २०१६ पासून तिला चाड या देशात पुन्हा सोडण्यात येत आहे.

### व्यक्तिनाम

'महा' हे अरब देशांत मुलींना ठेवले जाणारे लोकप्रिय नाव आहे. दक्षिण आशियातील मुस्लिम कुटुंबांतही ते आढळते. नावाचा अभिप्रेत अर्थ 'सुंदर डोळ्यांची' किंवा 'स्फटिकासारखी शुभ्र' असा असतो. रीम, रशा व गझाला ही स्त्रीनामेही याच शब्दक्षेत्रातील आहेत. भारतीय वाचक अशा नावाचा अर्थ 'महान' असा लावण्याची शक्यता असते. परंतु अरबी नावाच्या बाबतीत तो चुकीचा ठरतो.

### संस्था व स्थळे

महा हा कतार, ओमान व संयुक्त अरब अमिराती यांसह अनेक अरब देशांचा राष्ट्रीय प्राणी मानला जातो. कतार एअरवेजच्या बोधचिन्हावर त्याचे शिर आहे आणि २००६ च्या दोहा आशियाई क्रीडास्पर्धांचे शुभचिन्हही महाच होते. ओमानमधील 'अल महा' पेट्रोल पंप, दोहाच्या विमानतळावरील 'अल महा' स्वागतसेवा आणि दुबईजवळच्या राखीव वाळवंटातील 'अल महा' विश्रामस्थान ही नावे आखाती देशांत राहणाऱ्या मराठी भाषकांच्या नित्य परिचयाची आहेत. या सर्व नावांत शब्दाचा अर्थ 'महा हा प्राणी' असा आहे.

## मराठीतील लेखन व भाषांतर

'महा' हे लेखन उच्चारानुसार योग्य असले, तरी मराठीत 'महाराष्ट्र', 'महापूर', 'महामार्ग' अशा असंख्य शब्दांमुळे ते वाचकाला लगेच वेगळ्या अर्थाकडे नेते. त्यामुळे पहिल्या उल्लेखात 'अरबी महा' किंवा 'महा (ओरिक्स)' असे लिहिल्यास गोंधळ टळतो.

काव्याच्या भाषांतरात पुढील भेद लक्षात घ्यावे लागतात.

* डोळ्यांच्या उपमेत 'मृगनयनी' हा रूढ शब्द भाव पोहोचवतो, परंतु प्राण्याची ओळख पुसतो. भाव महत्त्वाचा असेल तेथे तो चालतो.
* कांतीच्या उपमेत 'हरीण' हा अर्थच चुकीचा ठरतो. तेथे 'स्फटिक' किंवा 'मोती' असे भाषांतर करावे लागते.
* शिकारीच्या किंवा झुंजीच्या प्रसंगात 'हरिणी', 'पाडस' हे शब्द टाळून 'महा', 'महाची मादी', 'वासरू' असे शब्द योजणे अर्थाला धरून आहे.
* 'बकर अल-वह्श' याचे 'रानगाय' किंवा 'रानगवा' असे भाषांतर दिशाभूल करणारे ठरते.

### 'गझल' आणि 'गझाल'

मराठीत माधव जूलियन व सुरेश भट यांच्यामुळे सुप्रतिष्ठित झालेल्या 'गझल' या काव्यप्रकाराचे नाव 'गझाल' या प्राण्याच्या नावावरून आले, असे पुष्कळदा सांगितले जाते. जखमी कुरंगाचा आर्त स्वर म्हणजे गझल, अशी तिची व्याख्याही प्रचलित आहे. दोन्ही शब्दांतील मूळ व्यंजने सारखी असली, तरी काव्यप्रकाराचे नाव 'प्रेमालाप', 'स्त्रियांशी केलेले संभाषण' या अर्थाच्या अरबी शब्दावरून आले आहे. जखमी प्राण्याची व्युत्पत्ती ही लोकव्युत्पत्ती होय. 'महा' या शब्दाचा तर 'गझल'शी व्युत्पत्तीचा काहीही संबंध नाही. प्रेमकाव्यातील एक आवडते उपमान एवढेच त्यांचे नाते आहे.

## हेही पाहा

* अरेबियन ओरिक्स
* कुरंग
* चिंकारा
* नीलगाय
* मुअल्लका
* कसीदा
* गझल